सहा युनिटांचं घर

काटकसरीचा झटका भांडारपालांना आला तो एका मंगळवारी, भर दुपारी, डबा खाऊन झाल्यावर.

ते एका मोठ्या छापखान्याचं भांडार सांभाळत. कागदाची रिमं, शाईचे डबे, खळीच्या बरण्या, सुतळी, झाडू, सगळं त्यांच्या किल्लीखाली. त्यामुळे छापखान्यात आणि छापखान्याच्या वसाहतीतही त्यांना सगळे भांडारपालच म्हणत. त्या मंगळवारी बांधणी खात्यातून दोनशे पुस्तिका रद्दीत आल्या. 'घरखर्च कमी करण्याचे साधे उपाय'. पानं अठ्ठेचाळीस, पैकी मधली सोळा उलटी शिवलेली. भांडारपालांनी सहज एक उचलली. पहिली सोळा पानं त्यांनी खुर्चीत बसून वाचली, मधली सोळा पुस्तिका उलटी धरून, आणि शेवटची बसमध्ये उभ्याने, दांड्याला लोंबकळत. उतरायचा थांबा मागे गेला हे त्यांना पुढच्या थांब्यावर कळलं.

पान नऊवर लिहिलं होतं, 'सुरुवात विजेपासून करा, कारण वीज जाताना दिसत नाही.' हे वाक्य त्यांच्या काळजात घुसलं. भांडारातून साधी टाचणी बाहेर पडायची तर ते सही घेत. आणि त्यांच्याच घरातून ही वीज गेली वीस वर्षं बिनसहीची चालली होती!

"आजपासून आपण वीज वाचवायची," दारातूनच त्यांनी जाहीर केलं.

"वाचवा," बायको मान वर न करता म्हणाली. ती शाळेत शिक्षिका होती आणि तिच्यापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग होता. "फक्त एवढा गठ्ठा होईपर्यंत डोक्यावरचा दिवा राहू द्या."

आईला मात्र दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं ती हेच सांगत होती आणि चाळीस वर्षं तिचं कुणी ऐकलं नव्हतं. आता सत्ता हातात येताच तिने असा काही कारभार सुरू केला की खुद्द भांडारपाल गांगरले. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते न्हाणीघरात दाढी करत होते. एक गाल झाला होता, एक व्हायचा होता. दिवा गेला.

"आई! अगं, मी दाढी करतोय!"

"मग कर की. चेहरा तुझाच आहे ना? पाठ असेल एव्हाना."

छापखान्यात त्या दिवशी तिघांनी त्यांना, हनुवटीला काय झालं, असं विचारलं.

पण एकदा मीटर बघायची गोडी लागली आणि भांडारपालांना बाकी कशाचं भान उरलं नाही. इमारतीच्या जिन्याखाली एका फळीवर आठ घरांचे आठ मीटर होते. रोज सकाळ-संध्याकाळ ते तिथे वाकून उभे राहत. आपल्या मीटरमधली ती चकचकीत चकती जोरात फिरताना दिसली की त्यांना राहवत नसे. मग धावत वर जायचं, काहीतरी बंद करायचं, धावत खाली यायचं. चकती मंदावलेली असे. त्या वेळी त्यांना जो आनंद होई, तो बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. (बढती तशी एकदाच मिळाली होती, आणि तीही चुकून. पण तो विषय वेगळा.)

चार खोल्यांत चार दिवे कशासाठी, माणसं तीन आणि तीही गप्पा मारत एकाच खोलीत बसणारी, असा विचार करून त्यांनी तीन बल्ब काढून ठेवले. उरलेला एक बल्ब घरभर फिरू लागला. ज्याला ज्या खोलीत जायचं असेल त्याने फडक्यात धरून तो काढायचा आणि तिथे नेऊन लावायचा. दोन दिवसांत तिघांचीही बोटं पोळली. दारावरच्या बेलच्या बटणात एक लाल ठिपका होता, तो दिवसभर मिणमिणत असे. कुणासाठी? बेलची तार सोडवली गेली. ज्याला यायचं तो हाताने दार वाजवेल, देवाने हात दिलेत. इस्त्रीचे कपडे गादीखाली गेले. फ्रिज बंद झाला, धुऊनपुसून कोरडा झाला, आणि त्यात बायकोने उत्तरपत्रिका लावून ठेवल्या. इयत्तेप्रमाणे कप्पे. दुधाचं पातेलं खालच्या मजल्यावरच्या फोरमनवहिनींच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला गेलं.

बायकोने पहिले आठ दिवस हे सगळं एखाद्या वांड वर्गाकडे पाहावं तसं पाहिलं. मग तीही बिघडली, फक्त तिने सुरुवात गॅसपासून केली. भाताला एक उकळी आली की पातेलं उतरवून जाड रजईत गुंडाळायचं, भात आपोआप शिजतो, असं तिला शाळेत कुणीतरी सांगितलं. तिने करून पाहिलं. पलंगावरची रजई उलगडून तिने झाकण काढलं, वाफेचा लोट वर आला आणि ती ओरडली, "शिजला! अहो, शिजला!" आई धावत आली, भांडारपाल धावत आले, आणि तिघांनी त्या पातेल्याभोवती उभं राहून एकेक शीत चाखलं. इतक्या कौतुकाने त्या घरात पूर्वी कधी भात खाल्ला गेला नव्हता.

खालचे फोरमन हे या मोहिमेचे सल्लागार. आयुष्य छपाईयंत्रांच्या खडखडाटात गेल्यामुळे ते साधं 'या' म्हणाले तरी समोरच्या इमारतीतलं माणूस खिडकीत येई.

"भांडारपाल! खिडकीसमोर आरसा ठेवा! उजेड दुप्पट!" त्यांनी सांगितलं.

कपाटाचा आरसा उतरवून खिडकीसमोर लावला. उजेड खरंच दुप्पट झाला, पण वाढलेला सगळा उजेड समोरच्या इमारतीतल्या एका आजोबांच्या डोळ्यांत जाऊ लागला. तीन दिवसांनी ते काळा चष्मा लावून भांडायला आले. आरसा परत कपाटात गेला.

तरीही आकडे उतरत होते. पूर्वी महिन्याला एकशेचाळीस युनिट येत. पहिल्या महिन्यात एकसष्ट आले. मग सतरा. मग अकरा. आई दिवसभर फोरमनवहिनींकडे टीव्ही पाहू लागली, बायको शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशीही तिथेच वह्या तपासत बसू लागली, आणि भांडारपाल दर शनिवारी, छापखान्याला सुट्टी म्हणून, फोरमनच्या पंख्याखाली फोरमनचा पेपर वाचू लागले. पाचव्या महिन्यात बिल आलं तेव्हा ते दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाले.

"सहा!" त्यांना धाप लागली होती. "सहा युनिट!"

बायकोने खडूचे हात तसेच ठेवून त्यांना टाळी दिली. आईने मात्र कपाळाला आठी घातली.

"सहा? सहा कुठे गेले?"

त्या आनंदात बिलाच्या तळाशी छापलेली ओळ वाचायची राहिली. ती बायकोने वाचली. 'शेरा : घर बंद.'

"कुणाचं घर बंद?" भांडारपाल म्हणाले.

"आपलं."

घर छापखान्याचं होतं; चारच दिवसांत छापखान्याच्या घरवाटप अधिकाऱ्यांचं पत्र हातात पडलं. सदर निवासस्थान सलग तीन महिने बंद असल्याचे वीज कचेरीच्या नोंदीवरून निदर्शनास आले असून, सबब त्याचे वाटप रद्द करून ते प्रतीक्षायादीतील पुढील कर्मचाऱ्यास का देण्यात येऊ नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. भांडारपाल पत्र घेऊन तडक अधिकाऱ्यांच्या टेबलापुढे उभे राहिले.

"साहेब, मी तिथे राहतो."

"मला माहीत आहे हो," अधिकारी कळवळून म्हणाले. "गेल्याच महिन्यात तुमच्याकडे येऊन गेलो. अंधारात ठेचही लागली. पण कागदावर तुम्ही राहत नाही. वीज कचेरीतून 'घर चालू' असं लिहून आणा, मी पत्र फाडतो."

वीस वर्षांचं घर. आईच्या गुडघ्यांना सोसेल असा पहिला मजला, बायकोची शाळा चालत दहा मिनिटांवर. भांडारपालांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. पण खुलासा करायचा म्हणजे काय, तर खरं सांगायचं. त्यात भ्यायचं कशाला, असं स्वतःला समजावत ते वीज कचेरीत गेले. चार खिडक्या फिरून पाचव्या खिडकीशी त्यांना त्यांची फाईल सापडली. खिडकीतला कारकून सभ्य होता. सभ्य कारकुनांपुढे फार बोलता येत नाही.

"तुम्ही राहता म्हणता. पुरावा?"

"हे बिल."

"या बिलाप्रमाणेच तर तुम्ही राहत नाही."

"अहो, आम्ही काटकसर करतो!"

कारकुनाने कॉम्प्युटरकडे पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं. "काटकसर असा रकाना नाही. चारच आहेत. घर चालू, घर बंद, मीटर नादुरुस्त, वीजचोरी. यातलं काय लिहू?"

"अर्थात घर चालू."

"सहा युनिटांत? तीन माणसं? वरचे माझी खुर्ची काढून घेतील." मग तो खिडकीतून पुढे वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "भल्यासाठी सांगतो, काका. मीटर नादुरुस्त लिहू या. मागच्या वर्षाची सरासरी लावू, थोडे पैसे भरा, प्रकरण मिटेल."

सुटकेचं दार उघडलं होतं. कुणीही शहाणा माणूस त्यातून बाहेर पडला असता. पण भांडारपालांचा चेहरा लालबुंद झाला. पाच महिने ज्या मीटरपुढे त्यांनी सकाळ-संध्याकाळ पाठ वाकवली, तो नादुरुस्त? आणि ते सहा युनिट म्हणजे बिघाड?

"माझा मीटर ठणठणीत आहे," ते ताठ उभे राहून म्हणाले. "आणि मीही."

"मग पुन्हा घरतपासणी," कारकुनाने उसासा टाकला. "पुढच्या गुरुवारी. तसा आमचा माणूस एकदा येऊन गेलाय. हा अहवाल. 'शनिवारी सकाळी अकरा वाजता भेट दिली. बेल वाजत नाही. दार वाजवले, प्रतिसाद नाही. आत अंधार. खालच्या शेजाऱ्यांनी सांगितले की ते लोक वर नसतात.'"

भांडारपाल तिथून निघाले ते थेट फोरमनच्या दारात.

"तुम्ही त्यांना सांगितलंत, आम्ही वर नसतो?"

"खोटं काय सांगितलं?" फोरमन गरजले. "त्याने विचारलं, वरचे आहेत का? मी म्हटलं, वर नाहीत! तुमच्या मातोश्री इथे टीव्हीसमोर, तुमचं दूध आमच्या फ्रिजमध्ये, वहिनी आमच्या टेबलावर वह्या तपासताहेत, आणि तुम्ही माझ्या पंख्याखाली! वर कोण होतं?"

"मग मला हाक नाही मारायची?"

"डोळा लागला होता तुमचा! तुमची झोप मोडू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललो, आणि आता त्याचंच ऐकून घेतोय!"

भांडारपाल जिन्याकडे वळले. ते वर आले तर दारात मुद्रितशोधक उभे होते.

मुद्रितशोधक म्हणजे छापखान्यातले प्रुफं वाचणारे. किडकिडीत अंगाचे, कानावर लाल पेन्सिल. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत आणि प्रत्येक चुकीला मनातल्या मनात गोल करत. घरांच्या प्रतीक्षायादीत पहिलं नाव त्यांचं होतं, आणि ते नऊ वर्षं यादीत होते. त्यांच्या हातात मोजपट्टी होती.

"राग मानू नका," ते अवघडून म्हणाले. "घरच्यांनी पाठवलंय. आमचं कपाट बसेल का, एवढंच बघायचं होतं. तुमचं घर जावं असं मनात नाही हो. पण गेलंच, तर कपाट बसायला हवं."

भांडारपालांना त्यांना जिन्यावरून खाली लोटून द्यावंसं वाटलं. पण आईने तोवर आत बसवून त्यांच्या हातात चहाचा कप दिला होता, आणि आता तीच मोजपट्टीचं दुसरं टोक धरून भिंतीशी उभी होती. मुद्रितशोधकांनी जाता जाता टेबलावरचं वाटप अधिकाऱ्यांचं पत्र वाचलं.

"'पंधरा'वरचा अनुस्वार उडालाय," ते हळहळून म्हणाले. "आपल्याच छापखान्यातलं पत्र!"

नंतर ते आणखी दोनदा आले. एकदा खिडकीची उंची राहिली होती म्हणून, आणि एकदा कपाट मोठं की भिंत मोठी याबद्दल त्यांच्या घरी दुमत झालं म्हणून.

गुरुवार उजाडला. भांडारपालांनी रजा टाकली, बायकोने अर्धी रजा टाकली. फोरमन सकाळपासून वर येऊन सेनापतीसारखे उभे होते. "घर चालू दिसलं पाहिजे! नुसतं चालू नाही, धावतं दिसलं पाहिजे! जे जे आहे ते लावा!"

काढून ठेवलेले तीन बल्ब लागले. पंखे लागले. बेल जोडली गेली. पण एवढ्याने फोरमनचं समाधान होईना. वहिनींनी त्यांची इस्त्री आणली, दुसऱ्या मजल्यावरून विजेची शेगडी आली, तिसऱ्यावरून पाणी तापवायची कांडी आली, कुणीतरी मिक्सर आणून त्यात नुसतंच पाणी फिरवायला सुरुवात केली. घरात ही गर्दी झाली. जो तो काहीतरी लावत होता आणि आई प्रत्येकाच्या मागून जाऊन ते बंद करत होती.

"आई, आजच्या दिवस!" भांडारपाल काकुळतीला आले.

"अरे, ढळढळीत ऊन पडलंय आणि चार-चार दिवे! माझ्याच्याने बघवत नाही."

शेवटी फोरमनवहिनींनी तिला पलंगावर बसवलं आणि तिचे दोन्ही हात प्रेमाने, पण घट्ट धरून ठेवले. भांडारपाल खाली जाऊन मीटर पाहून आले. चकती अशी गरगरत होती की त्यांनी डोळेच मिटले. नेमके त्याच वेळी मुद्रितशोधक फाटकातून आत येताना दिसले. त्यांनीही रजा टाकली होती. आज घराचा निकाल लागणार होता, आणि तो त्यांचाही होता.

तीन वाजता जिन्यावर पावलं वाजली. सगळे चिडीचूप झाले. मिक्सर तेवढा घरघरत होता. पावलं दाराशी थांबली. बाहेरून बेलच्या बटणावर बोट पडलं.

"टिं" एवढाच आवाज आला. मग खाली मीटरच्या फळीवर ठप्प असं काहीतरी झालं, आणि दिवे, पंखे, मिक्सर, शेगडी, सगळं एकदम गेलं. फ्यूज उडाला होता.

दार उघडलं तर दारात एक तपासनीस बाई उभ्या. हातात फाईल, नाकावर चष्मा. त्यांनी बटण पुन्हा दाबलं. शांतता. त्यांनी फाईल उघडून लिहिलं, "बेल वाजत नाही."

"आत्ता वाजली होती!" चौदा जण एकदम ओरडले.

"आपण सगळे इथे राहता?"

"नाही, आम्ही मदतीला आलोय," फोरमन गरजले, आणि बाईंनी तेही लिहून घेतलं.

तपासणी सुरू झाली. बाईंनी दिव्याचं बटण दाबलं, पंख्याचं दाबलं, आणि दर वेळी फाईलमध्ये एकेक ओळ घातली. मग त्यांनी फ्रिज उघडला. आत चौथीचा भूगोल होता.

"फ्रिजमध्ये उत्तरपत्रिका?"

"थंड डोक्याने तपासाव्या लागतात," बायको म्हणाली. वर्गात ती कधी अडकत नसे, इथेही अडकली नाही. बाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला; पण त्या सरकारी कामावर होत्या. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगाकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाल्या, "इथे कोण झोपलंय? आजारी आहे का कुणी?"

"भात आहे," आई म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण हे राहतं घर वाटत नाही. हे गोदाम वाटतं."

हा शब्द भांडारपालांच्या जिव्हारी लागला. आयुष्यभर त्यांनी गोदाम सांभाळलं होतं. गोदाम कसं असतं हे त्यांना बाईंनी सांगावं? ते काही बोलणार तोच बाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे एका पंचाची सही लागेल. छापखान्यातला माणूस हवा, पण या वसाहतीत न राहणारा. आहे कुणी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. वसाहतीत न राहणारा माणूस तिथे एकच होता. तो दाराशी, हातात मोजपट्टी धरून उभा होता.

"तुम्ही पंच होता का?" बाईंनी विचारलं. "या घरात कुणी राहतं की घर बंद आहे, ते सांगायचं आणि सही करायची."

मुद्रितशोधकांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. त्यांनी त्या भिंतीकडे पाहिलं, जिच्याशी त्यांचं कपाट दोन बोटं राखून अगदी बरोबर बसत होतं. भांडारपालांनी मान खाली घातली. या माणसाने काहीही सांगितलं तरी आपण त्याला बोल लावायचा नाही, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं.

"लिहा," मुद्रितशोधक खाकरून म्हणाले. "मी या घरात तीनदा मोजमाप घ्यायला आलो. आगंतुक म्हणून आलो, यांचं घर घ्यायला आलो. तीनही वेळा मला चहा मिळाला. एकदा साखर कमी होती, पण मिळाला. बंद घरात चहा मिळत नाही, बाई. न्हाणीघरात तीन ब्रश आहेत, तीनही ओले. दारातलं पायपुसणं मध्यभागी झिजलंय. 'घर बंद' ही चूक आहे. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना गोल करतोय मी. एवढी मोठी समोर दिसत असताना तिच्यावर सही कशी करू?"

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग रकान्यात 'घर चालू' असं लिहून फाईल पुढे केली. मुद्रितशोधकांनी सही करण्याआधी दोन ओळींवर ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. फोरमनच्या आनंदाच्या आरोळीने समोरचे आजोबा काळा चष्मा लावून खिडकीत आले. आई सुटलेल्या हातांनी घरभर फिरून, वीज नसतानाही, सगळी बटणं बंद करून आली. बायको मुद्रितशोधकांसाठी चहा टाकायला गेली आणि भांडारपाल बाईंना मीटरचा आकडा दाखवायला खाली धावले. मागोमाग सगळी वरात.

जिन्याखाली बाईंनी आकडा टिपला. मुद्रितशोधकांचं लक्ष मात्र फळीवरच्या शेवटच्या मीटरकडे गेलं. त्याची चकती शांतपणे फिरत होती.

"हे आठवं घर कुणाचं?"

"ते हिशेबखात्यातल्या मोठ्या साहेबांचं!" फोरमन म्हणाले. "ते कुठले इथे राहतात! दोन वर्षांपूर्वीच बंगला बांधून गेले! कुलूप गंजलंय! फ्रिज तेवढा चालू ठेवून गेलेत, आत बर्फाशिवाय काही..." इथे वहिनींनी त्यांना कोपर मारलं. पण फोरमनचं बोलणं कानावर पडलं नाही असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. तपासनीस बाईंनी फाईल पुन्हा उघडली आणि शांतपणे जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेल्या. (पुढे अडीच महिन्यांनी ते घर मुद्रितशोधकांना मिळालं. कपाट तिथे बसलं नाही. ते कापावं लागलं.)

पण हे अडीच महिन्यांनंतरचं. त्या दुपारी मुद्रितशोधक चहा पिऊन उठले आणि मोजपट्टी गुंडाळत खाली आले.

"आता घरी काय सांगू?" ते फाटकाशी म्हणाले. "सकाळी ती म्हणाली होती, येताना घराची बातमी घेऊनच या."

"मी येतो," भांडारपाल म्हणाले. त्यांच्या अंगात अजून उत्साह मावत नव्हता. "मी सांगतो त्यांना! आठव्या घराचंही सांगतो!"

बाजारामागच्या एका बोळात, एका खोलीत, मुद्रितशोधक, त्यांची बायको आणि दोन मुली राहत. खोली लहान, पण प्रत्येक वस्तू जागच्या जागी, जणू कुणी जुळवून ठेवलेली. भांडारपालांनी दुपारची सगळी हकीकत हातवारे करून सांगितली. मुद्रितशोधकांची बायको पदराआड हात घेऊन ऐकत होती. सहीपाशी तिने नवऱ्याकडे एक नजर टाकली. ती रागाची असावी असं वाटलं, पण भाताच्या पातेल्याची गोष्ट आठवून ती खुदकन हसली.

"पण भाऊजी, एवढं झालं कशावरून?"

"सहा युनिट!" भांडारपाल छाती पुढे काढून म्हणाले. "महिन्याला फक्त सहा, वहिनी! कुणाचा विश्वासच बसेना."

"आम्हाला पाच येतात," ती म्हणाली.

भांडारपाल थांबले. "पाच? चौघांत?"

"चौघांत. दोघींचा अभ्यासही त्यातच."

"आणि तुमच्याकडे कधी कुणी तपासायला नाही आलं?"

"आमच्याकडे कशाला येतील?" तिने सहज विचारलं. "या बोळात सगळ्यांना एवढेच येतात."

पाच महिन्यांतल्या साऱ्या पराक्रमाकडे भांडारपालांनी एकदा मनातल्या मनात पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याची थोडी लाज वाटली. मग त्यांची नजर खोलीवर फिरली. एकुलता दिवा चूल वेगळी करणाऱ्या आडभिंतीत वर कापलेल्या चौकोनात असा बसवला होता की उजेड चुलीवरही पडे आणि मुलींच्या पाटीवरही. हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. त्यांना काटकसरीचा झटका पुन्हा आला. त्यांनी मुद्रितशोधकांच्या कानावरची लाल पेन्सिल काढून घेतली, खिशातून चुरगळलेला कागद काढला आणि गुडघ्यावर पसरला.

"वहिनी," ते म्हणाले, "जरा सावकाश सांगा."